तक्त्यात न धरलेलं घर

"हे वाक्य मात्र मला झकास जमलं होतं," सुनीतीच्या खांद्यावरून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत तिचा नवरा माधव म्हणाला आणि त्यानं चहाचा घोट घेतला.

तीस सप्टेंबरला ऑर्कुट ही गप्पांची वेबसाइट कायमची बंद होणार होती. तिथे 'शेवंतीचं घर' या मालिकेच्या चाहत्यांचा कट्टा सुनीती चालवायची. त्याची जुनी पानं ती उतरवून घेत होती. पुण्याजवळ मांजरी गावातल्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचे नमुने तपासणारी बाई. रोजच्या भागाचा गोषवाराही तितकाच नेमका लिहायची. सात वर्षांपूर्वी शेवंतीनं नवऱ्याकडे परत जावं की नाही, यावरून कट्टा फुटला. माणसं एकमेकांच्या आईबापांपर्यंत गेली. त्या धुमश्चक्रीत 'खवचट काकू' या खोट्या नावानं कुणीतरी सुनीतीला लिहिलं होतं, 'ज्यांच्या घरी पाळणा हलला नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या संसारात नाक खुपसू नये.'

माधवचं बोट त्याच ओळीवर होतं.

"तुम्ही लिहिलंत?"

"मग काय! कंपनीतून, जेवणाच्या सुट्टीत. घरी आलो की तुझी पाठ तेवढी दिसायची. म्हटलं, एकदा झोंबलं की सोडशील. तू त्या खडकीवालीलाच हाकललंस. अगं, हस की आता. जुनं झालं सगळं."

पाळण्याचं दुःख सुनीतीनं बाहेर एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, अपेक्षाला. खडकीच्या क्वार्टर्समध्ये राहणारी, मूळची वर्ध्याची अपेक्षा. कट्ट्यावरची सख्खी मैत्रीण, पण शेवंतीच्या भांडणात विरुद्ध बाजूची. म्हणून सुनीतीनं काकूच्या एक्केचाळीस नोंदींचा तक्ता केला. सगळ्या दुपारी एक ते दोनमधल्या. गुरुवारी एकही नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी खडकीची वीज जायची. तिनं आलेख काढला, अपेक्षाच्या नावासकट कट्ट्यावर लावला आणि तिला काढून टाकलं.

गुरुवारी भोसरीच्या कारखान्यांनाही सुट्टी असते. माधवची कंपनी तिथलीच. तो दर गुरुवारी घरी असायचा, आणि घरच्या कॉम्प्युटरला सुनीतीचा पासवर्ड होता. स्वतःचं घर तिनं तक्त्यात धरलंच नव्हतं.

तिनं जुना नंबर लावला.

"अपेक्षा, मी सुनीती. ती काकू तू नव्हतीस."

"ते मला ठाऊकच होतं ना, ताई."

"आमचे हे होते."

अपेक्षा म्हणाली, "नणंदेनं तुमचा आलेख छापून घरी आणला होता. सासूबाई महिनाभर माझ्या हातचं जेवल्या नाहीत. पोर नसलेल्या बाईला टोचते म्हणून."

"माफ कर मला."

"फोनवर कशाला मागता? तेव्हा चारचौघांत बोललात. तसंच बोला. नावासकट."

सुनीतीनं लिहिलं, 'विश्लेषणात त्रुटी होती.' वाचलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'खवचट काकू म्हणजे माझा नवरा, माधव. अपेक्षाचा काही दोष नव्हता. तिच्यावर आळ मी घेतला.'

"डोकं फिरलंय का?" माधव ओरडला. "माझ्या ऑफिसातली माणसं आहेत त्यात!"

"मग वाचतील," ती म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

त्या दिवसापासून तो ताट घेऊन आतल्या खोलीत बसू लागला.

सभासद दोन हजार एकशे बारा. जुन्या आलेखाखाली तीनशे सहा उत्तरं होती. नव्या मजकुराखाली तीस तारखेच्या संध्याकाळपर्यंत एकही नाही. तिनं पुन्हा फोन केला.

"टाकलंय. नावासकट."

"वाचलं मी. आणखी कुणी?"

"अजून नाही."

"माझं सगळ्यांनी वाचलं होतं," अपेक्षा म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ठेवते. दूध उतू जाईल."

सुनीतीनं पान पुन्हा उघडलं. तिच्या तीन ओळींखालची जागा पांढरीच होती. तिनं खुर्ची जरा पुढे ओढली आणि कुणी येतंय का, ते बघत बसली.