देवराव मास्तरांची मान

सिंधूताईंच्या पत्राला मी सहा वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र खाप्याहून आलं होतं. त्यांचे यजमान देवराव मास्तर यांचा ब्राँझचा अर्धपुतळा मी तिथल्या शाळेसाठी केला होता.

"जयभीम. चेहरा थोडा परका वाटतो, पण मागून हे अगदी तेच आहेत. मानेवरच्या त्या दोन घड्या अंघोळीचं पाणी घालताना मी चाळीस वर्षं पाहिल्या. आता रोज दुपारी पुतळ्यामागच्या पायरीवर जाऊन बसते. तुम्ही यांना कधी मागून पाहिलं होतं का?"

नव्हतं पाहिलं. शाळेने मला एकच फोटो दिला होता, समोरून काढलेला. अशा वेळी फोटोत नसेल ते मी स्वतःकडून घेत आलो. डावा हात आपल्या मानेवर ठेवायचा, उजव्याने माती चढवायची. म्हणजे सिंधूताई रोज माझ्या मानेमागे बसत होत्या. खरं सांगितलं तर त्यांचे मास्तर जाणार; न सांगितलं तर मी खोटा. पत्र पुस्तकात ठेवलं आणि पुस्तकं बदलत राहिलो.

गेल्या आठवड्यात ते माझ्या बायकोच्या, नीलाच्या हाती लागलं. मी सगळं सांगून टाकलं.

"सहा वर्षं? काहून जी, त्या बाईनं काय मान कापून मागतली होती?"

"एका अर्थी तेच."

"पाठ फिरवा. पाहू द्या मले."

तिने मोबाईलवर माझ्या मानेचा फोटो काढला. ब्राँझ ओतण्याआधी केलेलं मास्तरांचं प्लास्टरचं डोकं कपाटावर होतं, त्याच्याशी तो धरून पाहिला.

"तुमच्या मानेले तं एकही घडी नाही. बगळ्यावानी मान आहे तुमची."

"तेव्हा मी जाड असेन."

"तुम्ही? कधी?"

मी प्लास्टरवरून बोट फिरवलं. दोन खोल घड्या. त्या कुणाच्या पाहून केल्या, आठवेना. हात मानेवर होता, एवढं नक्की. की तेही नाही?

"आता काय लिहू?"

"माहीत नाही, तं तसंच लिहा ना."

तसंच लिहिलं. "मास्तरांना मी मागून कधी पाहिलं नाही. मान माझीच घातली असं समजून लाजेने गप्प राहिलो. बायको म्हणते, ती माझी नाही. मग कुणाची, मला सांगता येत नाही. तुम्ही ओळखलीत. चेहरा मात्र माझ्याकडून चुकला."

सिंधूताई अजून त्या पायरीवर बसत असतील का, हेही माहीत नव्हतं. चौकातल्या पेटीत पाकीट टाकलं, आणि ते पडलं की अडकलं हे कळेना म्हणून फटीतून डोकावत उभा राहिलो.