सातेरी माशी चावता चावेना

चऱ्होलीच्या सुभद्राबाईंना झेंडू तोडताना मधमाशी चावली, त्याला आता दीड-दोन वर्षं झाली. आधी तळहात खाजले, मग अंगभर गांधी उठल्या आणि बघता बघता बाई वाफ्यातच आडव्या झाल्या. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून वाचल्या. तेव्हापासून सोपानरावांनी बायकोला रानात पाऊल टाकू दिलं नाही. चहूबाजूंनी इमारती उठल्या तरी घरच्यांनी हट्टानं राखलेला तो शेताचा तुकडा. त्याच्याकडे त्या गच्चीवरून बघत बसायच्या.

मुलानं, कुलदीपनं शोध काढला. पिंपरीच्या एका इस्पितळात डॉक्टर वर्षाली मधमाशीच्या डंखाच्या ॲलर्जीवर संशोधन करत होत्या. परदेशी माशीच्या विषाचं औषध आपल्याकडच्या देशी सातेरी मधमाशीच्या डंखालाही पुरे पडतं का, हे त्यांना पाहायचं होतं.

"म्हंजी मला इषाचीच सुई देनार व्हय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"अगदी कणभरापासून सुरुवात, काकू. तुमच्या शरीराचे राखणदार मांजराला वाघ समजून सगळं घर डोक्यावर घेतात. त्यांना हळूहळू मांजराची सवय लावायची."

"आमच्या ह्यांचं बी तसंच हाय," बाई म्हणाल्या. सोपानराव उगाच खोकले.

सुया सुरू झाल्या. आधी आठवड्याला, मग महिन्याला. दंड सुजायचा, पण बाईंनी एकही खेप चुकवली नाही. आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, आता खऱ्या माशीनं परीक्षा घ्यायची, इथंच, सगळी तयारी ठेवून.

सोपानराव उखडले. "मरता मरता वाचली, आन् आता मुद्दाम चावून घ्यायचं?"

"मी घेनार," सुभद्राबाई म्हणाल्या. विषय संपला.

त्या दिवशी हाताला सलाईन लावलं, तातडीचं इंजेक्शन भरून ठेवलं. डॉक्टरांनी एका छोट्या काचेच्या पेल्यात सातेरी माशी आणली आणि पेला बाईंच्या हातावर उपडा घातला. सगळ्यांनी श्वास रोखला. माशीनं मिशा पुसल्या. हातावर एक चक्कर मारली. मग एका कडेला स्वस्थ बसली. डॉक्टरांनी पेल्यावर टिचकी मारली, तरी ढिम्म!

शेवटी सोपानरावांनाच राहवेना. "आगं, चाव की बये! किती अंत बघतीस?"

नर्स हसली, डॉक्टर हसल्या, हसताना सुभद्राबाईंचा हात हलला आणि माशीनं डंख मारला.

"आई गं!"

हसू जागच्या जागी थिजलं. डॉक्टरांनी काटा खरवडून काढला आणि रक्तदाब बघत राहिल्या. सोपानराव बायकोच्या तोंडाकडे टक लावून होते. हातावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला, आणि तेवढ्यावरच थांबला. गांधी नाहीत, धाप नाही, चक्कर नाही.

बराच वेळ गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काकू, काही होतंय का?"

"व्हय. भूक लागलीया."

डॉक्टर वर्षालींनी त्यांना मिठीच मारली. "सुया अजून काही वर्षं चालू राहतील हं! आणि तातडीचं इंजेक्शन सदा जवळ ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाई पदर खोचून झेंडूत शिरल्या. भोवती माश्यांचा गुंजारव चालला होता. सोपानराव खिशात इंजेक्शन घेऊन बांधावर उभे होते. थोड्या वेळानं बाई ओरडल्या, "अवं, नुसतं उभं काय ऱ्हाता? पाटी धरा की!"

आणि ते धावले.