पासपोर्टाला लावलेलं कुंकू

माझ्या जावेच्या पासपोर्टाची आमच्या सासूबाईंनी पूजा केली आणि तिथून सगळ्या घराच्या पायाला भिंगरी लागली. मी सांगायला बसले की घरातले म्हणतात, सिद्धेश्वरी, झालं गेलं सोड की. कसं सोडू? मुंबईला कोण गेलं होतं, पोलीस चौकीत कोण बसलं होतं? मीच की!

सासूबाईंना आम्ही अत्ती म्हणतो. नाव नीलम्मा. राहायला जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये, पण मन अजून अक्कलकोटच्या भुसार दुकानात. सासरे होते तेव्हा तिथं खंडेनवमीला तराजू, मापं, सायकल, सगळं पुजलं जायचं. ज्याच्यावर घर चालतं त्याला त्या दिवशी भस्म-कुंकू लागलंच पाहिजे. दुकान गेलं, पण अत्तींचा हात थांबला नाही. आमच्या ह्यांची मोटारसायकल, माझं शिलाई मशीन, मिक्सर, काही सुटत नाही. एकदा भावजींच्या लॅपटॉपच्या बटणांत अक्षता अडकल्या, तर ते आठवडाभर फुणफुणत होते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, गुरुशांत. सूतगिरणीच्या कामासाठी व्हिएतनामला गेले आणि येताना बायको घेऊन आले. तिचं नाव लान. आमच्या रीतीनं लग्नात नाव बदललं, काव्या ठेवलं. अत्तींनी सुरुवातीला तोंड असं वाकडं केलं की विचारू नका. मग ती भाकरी थापायला शिकली, अत्तींच्या गुडघ्यांना तेल चोळायला लागली, दोन वर्षांत नात दिली, आणि अत्ती अशा पाघळल्या की मी थोरली सून असून जुन्या भांड्यात जमा झाले. जळले का? जळले थोडी. पण पोरगी गुणाची होती, तिच्यावर राग धरणार कसा?

तर त्या खंडेनवमीला अत्तींनी कपाटातून तिचा पासपोर्ट काढला. "सून माजी ह्याच्यावरच आली की घरात," म्हणाल्या. "मग ह्येला नको व्हय पूजा?" फोटोचं पान उघडलं, ओल्या भस्माची तीन बोटं ओढली, वर कुंकू, वर झेंडूचं फूल. संध्याकाळी फूल काढून पान मिटलं आणि पासपोर्ट परत कपाटात. काव्या हात जोडून उभी होती. तिला वाटलं, सगळ्यांच्याच पासपोर्टाचं इथं असं करत असतील.

उन्हाळ्यात तिच्या आईचं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. पासपोर्टाची मुदतही संपत आली होती. नवा करून घ्यायचा आणि लगेच निघायचं, असं ठरवून तिनं तो बाहेर काढला, तर फोटोचं पान पुढच्या पानाला घट्ट चिकटलेलं. हळूहळू सोडवलं तर वरचा पापुद्रा निघून आला. तिच्या तोंडावर लाल डाग, नावाची अर्धी ओळ गायब. ती कापूस घेऊन पुसत बसली. जितकं पुसावं तितकं पसरत होतं.

"कुंकवानं कुटं काय खराब होतंय?" अत्ती म्हणाल्या. पण आवाजात दम नव्हता.

माझं माहेर मैंदर्गी. आईला साधा ताप आला म्हणून कळलं तरी मी एसटीत बसते आणि दुपारच्या जेवणाला तिथं असते. मला कोणी कागद मागत नाही. त्या दिवशी त्या पोरीला कापूस घासताना बघितलं आणि मला असा संताप आला! कुणावर काढायचा तेच कळेना.

भावजींना रजा मिळेना, म्हणून तिच्याबरोबर मुंबईला मी गेले. त्यांच्या देशाच्या कचेरीत खिडकीतल्या मुलीनं "लान" म्हणून हाक मारली आणि आमची काव्या ताडकन उठली. आणि बाई, काय बोलायला लागली! आमच्या घरात शब्द मोजून बोलणारी पोरगी तिथं भडाभडा बोलत होती, हात हलवत होती, हसत सुद्धा होती. इतकी बडबडी आहे हे मला चार वर्षांत कळलं नव्हतं. मला तिचं लईच वाईट वाटलं.

मग मुलीनं पासपोर्ट उघडला आणि हसणं बंद. आतून साहेब आला. माणूस सभ्य होता, शांतपणे सांगत होता. हा नुसता नवा करून मिळायचा नाही, हा खराब झालेला धरला जाणार. कसा खराब झाला ते ज्यानं केलं त्यानं लिहून द्यायचं, पोलिसांचा शिक्का आणायचा. मग तिकडून चौकशी होणार. त्याला आठवडे जाणार, किती ते तो सांगू शकत नव्हता. आईची तब्येत ऐकून त्यानं दुसरी वाटही सांगितली. एक कागद लवकर देता येईल, पण तो फक्त जाण्यापुरता. पासपोर्ट मग तिकडेच काढायचा, इकडे यायला व्हिसा नव्यानं मागायचा. आणि तिच्या लेकीचा पासपोर्ट आम्ही काढलाच नव्हता, म्हणजे दोन वर्षांचं लेकरू इथंच ठेवून जायचं.

घरी आल्यावर भावजी म्हणाले, थांब, नवा येईल, सगळे मिळून जाऊ. अत्ती म्हणाल्या, थांब. आमचे हेसुद्धा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, थांबावं. मी म्हणाले, "तुमच्या आईला असं झालं असतं तर थांबला असता व्हय?" सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच तिला पळवून लावतेय.  काव्यानं मान हलवली आणि लेकराला भात भरवायला बसली.

मग चौकी. अत्ती इरकली लुगडं नेसून, कपाळाला भस्म लावून आल्या होत्या. हवालदारांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, "माझ्या निष्काळजीपणाने सदर पासपोर्ट खराब झाला."

"निष्काळजी?" अत्ती उठल्याच. "आंगोळ करून, लिंगपूजा करून लावलंय म्या! चप्पल घालून न्हाय लावलं!"

"आजी, देवाचं खरं हाय," हवालदार दमलेले होते बिचारे. "पण पुस्तक त्यांच्या सरकारचं हाय की."

अत्ती खाली बसल्या. पेन घेतलं आणि कन्नडमध्ये सही केली. रिक्षात मला म्हणाल्या, "सिद्दू, म्या वाईट मनानं केलं न्हाय गं." मी म्हणाले, माहीत आहे अत्ती.

कागद मुंबईला गेले आणि आम्ही वाट बघत बसलो. मी फोन लावायचे, चौकशी चालू आहे असं कळायचं. रोज तेच. काव्या कामाला लागली की मोबाईल डब्याला टेकवून ठेवायची आणि आईशी बोलत भाजी चिरायची. आधी तिकडून उत्तर यायचं. मग नुसतं हूं यायचं. मग तेही बंद झालं. पडद्यावर डोळे मिटलेली एक म्हातारी, आणि इकडून ही एकटीच बोलतेय.

एका दुपारी अत्ती तिच्याजवळ लसूण सोलत बसल्या होत्या. काव्या एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मे, मे, मे.

"मे म्हंजे काय गं?" अत्तींनी मला विचारलं.

"आई."

अत्तींच्या हातातला लसूण तसाच राहिला. ताट बाजूला सारून उठल्या आणि मला भावजींना कारखान्यात फोन लावायला सांगितला. "गुरुशांत, तिचा त्यो जाण्यापुरता कागद काड."

"अव्वा, ती परत कवा येईल त्याचा भरवसा न्हाय. आणि पोरगी?"

"पोरगी माज्याजवळ. तू न्हाय व्हय वाढलास माज्याजवळ? माज्याच हातानं तिची वाट अडलीय. आता तोंडानं बी अडवू व्हय?"

काव्या ऐकत होती. लेकराला छातीशी धरून म्हणाली, "अत्ती, मला लवकर येता नाही आलं तर?"

"तर आमी हितंच हाय की. घर कुटं पळतंय?" अत्ती म्हणाल्या आणि लेकराला तिच्याकडून काढून घेतलं.

निघायच्या दिवशी कागद टेबलावर होता. अत्तींनी बेसिनपाशी जाऊन साबण लावून हात धुतले. परत धुतले. टॉवेलला कोरडे केले, बोटं उजेडात धरून बघितली. मग कागद कोपऱ्याला धरून उचलला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि काव्याच्या हातात दिला. कुंकवाचा करंडा देवापाशीच होता. अत्तींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. घरातलं माणूस परगावी निघालं आणि त्यांनी कुंकू लावलं नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

काव्या दारातून परत आली. करंडा तिनंच आणला आणि अत्तींपुढं धरला. "कागदाला नको," म्हणाली, "मला लावा की."

अत्तींनी बोट करंड्यात बुडवलं. टिकली नको, टिळाच लावला, चांगला रुपयाएवढा. "होगी बा," म्हणाल्या. जाऊन ये, असंच आम्ही म्हणतो, मग परत येण्याचं काही ठरलेलं नसलं तरी.

त्यानंतर आमच्या घरात कोणी धड झोपलं नाही. लेकरू आईला शोधत प्रत्येक खोलीत फिरायचं. मी कामं ओढत होते, अत्ती लेकराला काखेत घेऊन बाल्कनीत उभ्या राहायच्या आणि मी दमले म्हणायची सोय नव्हती.

पोचल्या पोचल्या तिचा व्हिडिओ कॉल आला. आई होती अजून. डोळे उघडे होते. काव्या पलंगाशी टेकून बसली होती, कपाळावर अत्तींचं कुंकू तसंच, फिकट झालेलं. प्रवासात तोंड धुतानासुद्धा तिनं ते जपलं होतं. तिच्या आईनं ते बघितलं. काडीसारखा हात कसाबसा वर केला, बोट जिभेला लावलं आणि लेकीच्या कपाळावर घासायला लागली.

"आईला वाटतंय, मला लागलंय," काव्या रडत म्हणाली. "रक्त आहे वाटतंय तिला."

आमच्याकडे सवाष्णीचं कुंकू चुकून पुसलं गेलं तरी अत्ती घर डोक्यावर घेतात. आणि इथं त्यांच्यासमोर, त्यांनी स्वतः लावलेलं. भावजींनी मोबाईल थोडा फिरवलासुद्धा. अत्तींनी त्यांचं मनगट धरलं आणि मोबाईल परत आपल्या तोंडासमोर आणला. पदरानं डोळे टिपले, चष्मा नीट केला.

"कडंला थोडं राह्यलंय," म्हणाल्या. "त्येबी पूस म्हणावं आईला."