सतरापैकी सतरा

आकडे जुळले तेव्हा स्वप्नालीने खुर्चीतून उठून चक्क एक गिरकी घेतली, आणि शेजारच्या टेबलावरच्या मनालीने लॉटरी लागली का म्हणून विचारलं. लॉटरी कसली, त्याहून मोठं घबाड हाती लागलं होतं. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात पत्र्यापासून पंख्याची झाकणं बनत, आणि गेल्या दीड वर्षात तिथे अपघात वाढत चालले होते. कुणाचं नख जात होतं, कुणाचं पेर. कारण काही केल्या सापडेना, म्हणून मॅनेजर शंकरराव साहेबांनी डेटा बघायला मुद्दाम स्वप्नालीला घेतलं होतं. तिने नोकरी धरली ती मात्र वडिलांसाठी. भगवान अठ्ठावीस वर्षं तिथल्या पत्रा दाबायच्या चार नंबरच्या प्रेसवर उभे होते, आणि एवढी वर्षं काढून दहाच्या दहा बोटं शाबूत असलेला माणूस त्या शेडमध्ये तेवढा एकच उरला होता. बुवापाड्यातल्या घरी ते जेवायला बसले की स्वप्नालीची नजर ताटाआधी त्यांच्या हातांवर जायची.

तिने ओव्हरटाइम लावून पाहिला, उकाडा लावून पाहिला, कामगारांची वयं, मशीनची वयं, सगळं पालथं घातलं. काही म्हणता काही लागेना. मग तिने दोन अशी रजिस्टरं आणली, जी आजवर कधी एका टेबलावर आलीच नव्हती. एक होतं कारखान्याच्या दवाखान्यातलं, जखमी झालेल्यांचं. दुसरी होती सेफ्टीचे सुपरवायझर रामभाऊ यांच्या खणातली ‘नियर मिस’ची वही, हात जाता जाता वाचला, अशा प्रसंगांची महिन्याला एक नोंद त्यांनी दीड वर्षापासून तिच्यात केली होती. तिने दोन्ही टाइप करून एकाशेजारी एक मांडली, तेव्हा आकडे जुळले. वहीतल्या सतरापैकी प्रत्येक नोंदीनंतर नऊ दिवसांच्या आत त्याच माणसाला, त्याच प्रेसवर, त्याच हाताला खरोखर लागलं होतं. शंभर टक्के दिसलं की आकडेवाल्यांच्या मनात आधी शंकेची पाल चुकचुकायला हवी, पण आनंदाला तेवढी सवड कुठली! शंकररावांनी तर टेबलावर थाप मारली. “अगं, म्हणजे अपघात व्हायच्या आधीच कळणार आपल्याला!”

ती धावतच शेडमध्ये रामभाऊंकडे गेली.

“काका, तुम्हाला कळतं कसं? काय नजर आहे तुमची!”

रामभाऊ आधी खूश झाले, मग ओशाळले आणि इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. “कोणाला बोलू नको बाळा. हेड ऑफिसला महिन्याला एक नियर मिस पाहिजे म्हणजे पाहिजेच. झाला नाही तरी पाहिजे. मग मी काय करतो, हजेरीचं मस्टर उघडतो, डोळे मिटतो आणि बोट ठेवतो. ज्याचं नाव येईल त्याचं लिहून टाकतो. प्रेस त्याचा असतोच, हात डावा की उजवा, ते मनाचं टाकतो.”

स्वप्नाली हसली. खूप हसली. मग हसता हसता तिने विचारलं, “या महिन्याचं झालं?”

“पेन्सिलने लिहिलंय. आता पेन फिरवायचं.”

तिने वही ओढून घेतली. भगवान, प्रेस चार, उजवा हात.

तिने स्वतःच ते खोडरबराने पुसलं, पान फाटायच्या बेताला आलं तरी पुसत राहिली. रामभाऊंना तिने पुन्हा डोळे मिटायला लावलं. बोट भगवानवर आलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तिने मस्टर उलटं फिरवून समोर धरलं, तरी दोनशे नावांतून बोट तिथेच येऊन टेकलं. रामभाऊंना बिचाऱ्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

“या वेळी लिहूच नका, काका.”

“रिकामं पान चालत नाही ना. ऑडिटवाले वाट लावतील माझी. कोणाचं तरी नाव लागतंच.”

आणि तेव्हा तिला ती युक्ती सुचली. इतकी सोपी, की आधीच कशी सुचली नाही! तिने पेन उचललं आणि मस्टरमध्ये नसलेलं, त्या क्षणी मनाने रचलेलं नाव ठसठशीत अक्षरात लिहिलं: हरिचंद्र कान्हा भोईर, प्रेस चार, डावा हात. कागदाचा माणूस, कागदाचा हात, दुखणार कुणाला?

खबरदारी म्हणून शंकररावांना गळ घालून तिने वडिलांची बदली स्टोअरला करून घेतली. भगवान कुरकुरले, पण गेले. मग ती दिवस मोजायला लागली. एक, दोन, पाच, आठ. दवाखान्याचं रजिस्टर कोरं. शेडभर उत्साह पसरला. फाटकाजवळच्या फळ्यावर शंकररावांनी स्वतः भलंमोठं शून्य काढलं, आणि नवव्या दिवशी सकाळी स्वप्नाली पेढ्यांचा पुडा घेऊन एकेका प्रेसपाशी थांबत, हसत, मशीनच्या धडधडाटात ओरडून बोलत निघाली. असं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

चार नंबरवर पन्नाशीचा एक नवा माणूस उभा होता. त्याने कपाळाला लावून पेढा घेतला.

“नवीन का, काका?”

“हां मॅडम, आजच लागलो. कुळगावचा मी. कंपनी बंद पडल्यापासून दोन वर्षं घरीच बसलेलो.” त्याचा चेहरा नुसता फुलला होता. “इथं अर्ज पण नाय केलेला, देवाशपथ. गेल्या मंगळवारी फोन आला, पूर्ण नावानिशी. हरिचंद्र कान्हा भोईर हायेत का म्हणून. बायको तर रडायलाच लागली.”

स्वप्नालीने पेढ्यांचा पुडा बंद केला. प्रेस बंद करायचं लाल बटण तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. शेडच्या पलीकडे स्टोअरच्या दारात तिचे वडील दोन्ही हातांनी खोकी उचलून मांडणीवर ठेवत होते, सावकाश, एकेक करून. कोणाचं तरी नाव लागतंच.

“काय बोलायचं होतं का, मॅडम?” हरिचंद्रने पत्रा सरळ करायला डावा हात पुढे घेतला.

“काही नाही, काका,” ती म्हणाली. “चालू द्या.”