जायलोसीची पाण्याची बाटली

मी एक जुनी, पोचे पडलेली फौजी पाण्याची बाटली आहे. मित्रांनो, आफ्रिकेतल्या झोम्बाच्या डोंगराखालचा जायलोसी फौजेत भरती झाला, तेव्हा मी कोरी करकरीत त्याच्या कमरेला लागले. त्याच्या आईनं, नाचिसालेनं, वेशीपर्यंत येऊन आम्हाला निरोप दिला. मग बोटीनं समुद्र ओलांडून आम्ही ब्रह्मदेशाच्या लढाईत पोचलो.

एका सकाळी नदीकाठी शत्रूनं आमच्या तुकडीला गाठलं. जखमी जवान उघड्या रेतीत "पाणी, पाणी" करत पडले.

"जाऊ नकोस! वेड लागलंय का तुला?" जायलोसीच्याच गावचा काचिंग्वे ओरडला.

"अरे, त्यांनाही आया आहेत," म्हणत जायलोसी सरपटत निघाला. एकेकाला पाणी पाजून त्यानं ओढत आणलं. शेवटच्याला आणताना जायलोसीच्याच बरगडीत गोळी घुसली. काचिंग्वेनं मला त्याच्या ओठांना लावलं. मित्रांनो, माझ्यात थेंबही उरला नव्हता, आणि नदीवर गोळ्या बरसत होत्या. तो तसाच गेला.

लढाई संपल्यावर काचिंग्वेनं मला नाचिसालेच्या हातात आणून ठेवलं. त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तसाच तो निघून गेला.

"माझ्या लेकाला टाकून पळून आला मेला!" ती म्हणाली. पुढं पाणवठ्यावर तो दिसला की ती तोंड फिरवी. तो दारूच्या नादी लागला. त्याला कधी कुणी काही विचारलं नाही.

काही वर्षांनी जायलोसीला मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालं. शाळेच्या मैदानात ढोल वाजले. गोऱ्या साहेबानं पराक्रमाचं वर्णन वाचलं आणि पदक म्हातारीच्या अंगावर टाचलं. मी तिच्या काखेत होते.

"साहेब, माझ्या पोराला माती कुणी दिली?" तिनं विचारलं. साहेब हातातला कागद उलटून पाहू लागला.

गर्दीच्या मागून काचिंग्वेचा आवाज आला, "मी दिली, मावशी. हातांनी खणून."

"तोंड झाकलंस त्याचं?"

"माझ्या सदऱ्यानं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे?"

"काय बोलू? सगळ्यांना पाणी पाजून तो तहानलेलाच गेला, हे तुला कसं सांगू?"

म्हातारी त्याला कवटाळून हंबरडा फोडून रडली. त्या दिवशी तिनं त्याला घरी नेलं, समोर बसवून मक्याच्या पिठाची न्सिमा आणि मासळी वाढली. पण दारूनं तो आतून पोखरला होता. पुढचा पावसाळा त्यानं पाहिला नाही.

मित्रांनो, पदक आज शाळेच्या कपाटात आहे. ते पुसून लख्ख ठेवतात, ठेवावंच. पण तुमच्या गावात लढाईहून परतलेला एखादा गप्प माणूस असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. तो बोलेपर्यंत बसा.