माझ्या शंखातले पाहुणे

मी एक जुनी गोगलगाय आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे सव्वा वर्षाची. हसू नका, आमच्यात एवढ्या वयाला म्हातारी म्हणतात. समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावतलावात माझा जन्म झाला. आज मी काचेच्या बरणीत आहे. शेजारी स्पिरिटची बाटली ठेवली आहे आणि मला फार भीती वाटते आहे. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच मी घाई करणार आहे.

भित्री तर मी लहानपणापासूनच. बगळ्याची सावली पडली तरी शंखात शिरायची. उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा चिखलात अंग चोरून दोन महिने पडून राहिले. जगते की मरते, तेही कळत नव्हतं. पाणी परत आलं तेव्हा पोटभर शेवाळ खाल्लं, पानांच्या मागे अंडी घातली. तेवढेच माझे सुखाचे दिवस.

मग पोळा आला. गावातले बैल धुवायला तलावावर आणले. बैल पाण्यात उभे राहिले आणि त्यांचं शेणही पाण्यातच पडलं. त्या शेणात डोळ्यांना न दिसणारी अंडी होती. पंधरा-वीस दिवसांनी त्यांतून बारीक ठिपके पोहत निघाले आणि त्यांतला एक माझ्या अंगात घुसला. दुखलं नाही. जेव्हा घाबरायला हवं होतं, नेमकी तेव्हाच मी घाबरले नाही!

ते चपट्या कृमीचं पिल्लू होतं. एकाची शेकडो झाली. माझं अंडी घालणं थांबलं. रात्रंदिवस आत काहीतरी वळवळायचं. शंखात शिरून लपावं, तर ज्याची भीती तोच आत बसलेला. सांगा, मी कुठे जायचं?

गावात रीना नावाची मुलगी आहे. ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिची आई धुरपता बकऱ्या पाळते. रीना दर महिन्याला तलावातून आमच्यातल्या शंभर जणी वेचून घरी न्यायची आणि एकेकीला काचेच्या ग्लासात ठेवून अंगणातल्या उन्हात मांडायची. ऊन लागलं की अंगातले कृमी पाण्यात बाहेर पडतात. कोणत्या महिन्यात किती जणींना कृमी असतात, हे तिला पाहायचं होतं. तलाव आटण्याआधी दोघी-तिघी निघाल्या. दिवाळीनंतर अठ्ठावीस. त्यांत मी होते. माझ्या ग्लासातलं पाणी तर पार धुरकट झालं होतं.

आता मारणार, असं वाटून मी गोळा झाले. पण रीनाने माझ्या शंखावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला आणि आम्हा सगळ्यांना परत तलावात सोडलं. कृमी आमच्या अंगात किती महिने टिकतात, हे तिला बघायचं होतं. मी वाचले, मित्रांनो! केवढा आनंद झाला होता मला.

पाणी ओसरू लागलं तसं काठाला हिरवंगार, कोवळं गवत आलं. माझ्या अंगातून निघालेले कृमी त्या गवताच्या पात्यांना जाऊन चिकटले. बाकी रान वाळलेलं, म्हणून धुरपता तिच्या चार बकऱ्या तिथेच चारायची.

संक्रांतीच्या सुमारास मी पुन्हा रीनाच्या अंगणात ग्लासात होते. तेव्हा धुरपताने काबरी नावाची गाभण बकरी ओढत आणली. तिच्या जबड्याखाली पिशवीसारखी सूज लोंबत होती.

"रीना, काबरीचा गळा सुजून राह्यला वो. विळा तापवाले ठेवला हाय. डाग देल्ला का उतरते."

रीनाने काबरीची पापणी उलटून पाहिली. आतून ती पांढरीफटक होती. मग रीनाची नजर माझ्या ग्लासाकडे गेली आणि तिचा चेहरा उतरला.

"माय, डाग नको देऊ. हे कृमीनं झालं. तिचं काळीज खाऊन राह्यले ते. अन् या गोगलगायी तलावात मीच सोडल्या होत्या."

डॉक्टर आले, औषध दिलं. तीन बकऱ्या वाचल्या. काबरी मेली, पोटातल्या दोन पिल्लांसकट.

त्या दिवसापासून कृमी असलेली एकही गोगलगाय रीनाने तलावात सोडली नाही. अशा एकेकीला ती स्पिरिटमध्ये बुडवते आणि आज माझी पाळी आहे. पण मघाशी धुरपता आली. बरणीत वाकून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तिचा काय दोष वो? जीव हाय तो. सोडून दे तिले."

जिची बकरी मेली तिनेच हे म्हणावं? रीनाचा हात बाटलीच्या झाकणावर तसाच थांबला आहे.

मित्रांनो, पोळ्याला बैल धुताना शेण पाण्यात पडू देऊ नका. दिवाळीपासून होळीपर्यंत बकऱ्यांना तलावाच्या काठावर चारू नका. गळा सुजला तर डागू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि एक शेवटचं. मला जगायचं आहे. खूप जगायचं आहे. पण धुरपताच्या तीन बकऱ्या अजून त्याच तलावाचं पाणी पितात. मला परत सोडू नको, असं तुम्ही रीनाला सांगा. लवकर सांगा. माझा धीर फार वेळ टिकत नाही.