लाल गाठीचा पेला

सकाळी वीज आली की शहापुरातल्या त्या बोळातले माग एकदम खडखडू लागत. यशोदाबाई मागापाशी उभ्या राहून तुटलेल्या धाग्याचं टोक जिभेवर ओलं करत होत्या आणि गाठ मारत होत्या. सून भाग्यलक्ष्मी न्हाणीजवळच्या कोनाड्यातला आपला पेला काढून चहा पीत होती. चुकून दुसऱ्या कुणी त्यातून पिऊ नये म्हणून यशोदाबाईंनी त्याला लाल सुताची गाठ बांधली होती. येळ्ळूर गावची ही मुलगी शिवराजने जातीबाहेर जाऊन केली, त्याला दोन वर्षं झाली. दोन वर्षं तिचा पेला वेगळा, ताटली वेगळी, आणि शिवराज खाली मान घालून जेवत होता. असल्या नवऱ्यांचा मला फार राग येतो.

गेल्या महिन्यात शिवराजला रक्ताची उलटी झाली. जठरात जखम निघाली. हिच्या हातचं खाऊन पोराचं पोट सडलं, असं यशोदाबाईंनी बोळभर सांगितलं. नातीचं उष्टावण झालं की तिला ठेवून घ्यायचं आणि हिला माहेरी धाडायचं, हेही त्यांनी ठरवून टाकलं. आरोही सात महिन्यांची, अजून अंगावर पिणारी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हे एका जंतूचं काम आहे. जगातल्या निरनिराळ्या वंशांच्या लोकांत त्याची जनुकं निरनिराळी असतात, त्याचा अभ्यास करायला त्या पोटात नळी घालून नमुने घेत होत्या. यशोदाबाईंनी तेवढंच ऐकलं आणि त्या हरखल्या.

"म्हंजे जातीजातीचा जंतू येगळा. मग हिच्याबी पोटात नळी घाला, माझ्याबी घाला. दिसू दे कुणाचं विष हाय ते."

तिघांचेही नमुने तपासायला गेले. शिवराजच्या गोळ्या सुरू झाल्या.

अहवाल आणायला भाग्यलक्ष्मीच गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावून सांगितलं. घरी येऊन तिने तो कागद साड्यांखाली ठेवला आणि उष्टावणाची वाट बघत बसली. सासूची बोलणी ऐकताना आता तिला आतून गोड वाटत होतं. मी तिला दोष देत नाही.

उष्टावणाला बोळातल्या बायका जमल्या. पहिला घास घरातल्या कर्त्या बाईने चावून मऊ करायचा आणि बाळाला भरवायचा, अशी त्या घरची रीत. यशोदाबाईंनी भात चावला, बोटावर काढला. भाग्यलक्ष्मीने त्यांचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने नवऱ्यापुढे कागद केला.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

शिवराज वाचू लागला. बायकोच्या जठरात जंतू नाही. आई आणि मुलगा, दोघांच्या जठरांतला जंतू जवळजवळ एकच. खाली डॉक्टरीणबाईंनी मराठीत लिहिलं होतं की हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या मोठ्यांच्या तोंडातून येतो. आणि इथल्या नमुन्यांत जातीप्रमाणे कसलाही फरक सापडलेला नाही.

"आत्या, ह्यास्नी पयला घास कुणी चावून घातलेला? तुमीच न्हवं?" भाग्यलक्ष्मीने सासूला विचारलं.

यशोदाबाईंनी पदराला बोट पुसलं. भाग्यलक्ष्मीने कोनाड्यातला पेला पाण्याने भरून त्यांच्यापुढे ठेवला, शेजारी दवाखान्यातून आणलेल्या चौदा दिवसांच्या गोळ्या ठेवल्या.

"चौदा दिवस ह्यातनंच पाणी प्यायचं. तुमचं तुमी धुवायचं, कोनाड्यात ठेवायचं. मला दोन वर्सं दिलतासा, मी चौदाच दिवस देतो. आरोहीला सोडून मी कुठं जात न्हाय."

यशोदाबाईंनी मुलाकडे पाहिलं. दोन वर्षांनी शिवराजने मान वर केली.

"आई, घे त्यो पेला," तो म्हणाला.

त्यांनी घेतला. स्वतःच बांधलेली गाठ बोटांना लागली आणि त्यांनी पहिली गोळी गिळली. मला दया आली नाही. भाग्यलक्ष्मीने लेकीला आपल्या हाताने खीर भरवली.

बायका उठून घरी गेल्या. त्यांतल्या तिघींच्या न्हाणीजवळ असाच एक पेला आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्या घरी असला, तर आज त्यातून पाणी तुम्ही प्या.